तपासणीचा स्टिकर कायद्यानं लागतो का? (शिरोली, फाउंड्री, ऑडिटमध्ये एनसी, म्हणजे त्रुटीचा शेरा, पडलीय)

भट्टीशेजारी

मंडळी, नमस्कार. शिरोली एमआयडीसीत एका मध्यम फाउंड्रीत मेंटेनन्स बघतो. गेल्या आठवड्यात गिऱ्हाईकाचं ऑडिट होऊन गेलं. आमची तयारी एकदम नादखुळा होती. दोन दिवस आधी पोरांना बसवून अडीचशे स्टिकर छापून घेतले. हिरवे, गोल, 'तपासले' ही तारीख, 'पुढची तपासणी' ही तारीख, खाली सही. ईओटी क्रेन (छताखाली रुळांवर चालणारी विजेची), चेन ब्लॉक, कॉम्प्रेसरची टाकी, ग्राइंडर, वेल्डिंग मशीन, शिड्या, सगळ्यांना चिकटवले. एका पठ्ठ्यानं कँटीनच्या चहाच्या किटलीलापण लावला.

ऑडिटर बाई आल्या. स्टिकरकडं ढुंकून बघितलं नाही. फेटलिंगजवळ (ओतीव माल घासून साफ करतात तिथं) खुंटीला अडकवलेली दोन पायांची चेन स्लिंग, म्हणजे माल क्रेनला अडकवायची साखळी, हातात घेतली आणि विचारलं, "ही रिपोर्टमधली कितवी?"

मी फाइल उघडली. रिपोर्टात सहा स्लिंगा, एस-१ ते एस-६. बाईंच्या हातातल्या स्लिंगला स्टिकर होता, स्टिकरवर तारीख होती, नंबर मात्र कुठंच नव्हता. मग त्यांनी सांगितलं, शॉपवरच्या सगळ्या गोळा करा. मोजल्या तर अकरा. सहाचा रिपोर्ट, अकरा स्लिंगा, आणि अकराही स्लिंगांना हिरवा स्टिकर. माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आता मालक म्हणायलेत, "स्टिकर लावलाय, रिपोर्ट आहे, कायद्याला आणखी काय पाहिजे?" खरं सांगायचं तर कायद्यात नेमकं काय लिहिलंय हे मलापण धड माहीत नाही. स्टिकर कायद्यानं लागतो का? लागत असेल तर त्यावर काय काय पाहिजे? जाणत्यांनी सांगा.

तांबडा पांढरा

किटलीची पुढची तपासणी कधी आहे? आम्ही चहाला येतो.

जुना फोरमन

भावा, फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये उचलण्याच्या सामानाला स्टिकर लावा असं कुठंही म्हटलेलं नाही. १९४८ चा कायदा, कलम २९ काढ आणि मालकासमोर ठेव. क्रेन, चेन ब्लॉक, विंच, साखळ्या, दोर, हूक, शॅकल (पिन घालून बंद करायची यू आकाराची कडी), क्लँप, सगळं त्यात येतं. त्यांची बारा महिन्यांतनं निदान एकदा सक्षम व्यक्तीकडनं कसून तपासणी व्हायला पाहिजे आणि त्या तपासणीचा तपशील रजिस्टरात पाहिजे. आणि प्रत्येक साधनावर दोन खुणा ठळक पाहिजेत: सुरक्षित भार किती, आणि ओळखीची खूण कोणती. तोच भार आणि तीच खूण रजिस्टरातपण पाहिजे.

नीट बघ, तारीख या खुणांत नाही. तारीख रजिस्टरात. लोखंडावर टनेज आणि नंबर. तुम्ही बरोब्बर उलटं केलंय, लोखंडावर तारीख चिकटवली आणि नंबर कागदावर ठेवला.

लहान शॅकलवर वगैरे खूण करणं जमत नसेल तर त्यालाही कायद्यात वाट आहे. कोणत्या प्रकाराचं, कोणत्या मापाचं साधन किती भार उचलतं याचा तक्ता शॉपवर ठळक जागी लावायचा. आमच्या वेळी पत्र्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहून खांबाला ठोकलेला असायचा. आता कुठं दिसत नाही.

आणखी एक. टनेज लिहायचं म्हणून पंच घेऊन साखळीच्या कडीवरच ठोकत बसू नका. भार घेणाऱ्या कडीवर पंच मारला की तिथंच तडा सुरू व्हायची भीती. स्टीलची छोटी पट्टी करा, तिच्यावर नंबर, टनेज, पायांची संख्या, लांबी पंच करा आणि वरच्या मास्टर लिंकला, म्हणजे हुकात अडकणाऱ्या मोठ्या कडीला, अडकवा. चांगल्या कंपनीच्या स्लिंगला ती पट्टी मुळातच येते. आपली पोरं ती पक्कडीनं तोडून टाकतात, हाताला टोचते म्हणून.

सेफ्टीवाली

कागल पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीत सेफ्टीचं काम बघते. फोरमनकाकांचं म्हणणं बरोबर आहे, पण सगळ्या साधनांना एकच माप लावू नका. प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे.

लिफ्ट किंवा हॉइस्ट असेल तर कलम २८. तिथं मुदत सहा महिन्यांची आहे, बाराची नाही. जास्तीत जास्त सुरक्षित भार लिफ्टवर ठळक लिहिलेला पाहिजे. बऱ्याच जणांना वाटतं की चेन ब्लॉकला बारा महिने म्हणजे मालाच्या लिफ्टलाही बारा. तसं नाही.

कॉम्प्रेसरची टाकी कलम ३१ आणि महाराष्ट्र कारखाने नियम १९६३ मध्ये येते. बाहेरून तपासणी सहा महिन्यांनी, आतून बारा महिन्यांनी, हायड्रॉलिक टेस्ट चार वर्षांनी. इथं खूण कुठं पाहिजे माहितीय? प्रेशर गेजच्या तबकडीवर. सुरक्षित दाब जिथं संपतो तिथं लाल रेघ. इन्स्पेक्टर आले की पहिली नजर तिथं जाते. आमच्याकडं एकदा गेज बिघडला म्हणून नवा बसवला आणि लाल रेघ मारायची राहिली, शेरा आलाच.

आता ज्याकडं कुणाचंच लक्ष नसतं ते: ग्राइंडर. कलम ३०. जिथं ग्राइंडिंग चालतं त्या खोलीत प्रत्येक मशीनला किंवा मशीनजवळ कायमची सूचना पाहिजे. चाकाचा जास्तीत जास्त सुरक्षित परिघ-वेग (कडेचा वेग), ज्या शाफ्टवर चाक बसतं त्याचा वेग, आणि तो वेग राहावा म्हणून पुलीचा व्यास किती, हे त्यावर लिहायचं. फाउंड्रीत तर फेटलिंगला ओळीनं पेडेस्टल ग्राइंडर असतात. त्यांतल्या किती जवळ ही पाटी आहे, ते धागाकर्त्यांनी उद्या जाऊन बघावं.

भट्टीशेजारी

ताई, बघायला जायची गरज नाही. एकाजवळपण नाही. हिरवा स्टिकर मात्र सगळ्यांना आहे.

फेटलिंगवाला

ग्राइंडरच्या पाटीवर मीच बोलतो, कारण दहा वर्षं तिथंच काढली. बारा इंची चाक, म्हणजे ३०० मिलिमीटर. १४४० आरपीएमच्या मोटरवर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला साडेबावीस मीटरच्या आसपास येतो. तेच चाक २८८० च्या मोटरवर चढवलं की ४५ मीटर. चाकाच्या कागदी लेबलवर ३३ छापलेलं असेल तर पहिल्या मोटरवर आरामात चालेल, दुसऱ्या मोटरवर फुटायची तयारी ठेवा. दोन्ही मोटरी लांबनं सारख्याच दिसतात. नव्या पोराला काय कळणार? ती पाटी भिंतीवर पाहिजे ती एवढ्यासाठी. त्याला हिशेब करायला लावू नका, आकडा समोर ठेवा.

पन्हाळा फाट्याचा

सगळे कायदा सांगायलेत, पण मला वाटतं स्टिकर वाईट नाही. कामगार रजिस्टर उघडून बघणार आहे का? त्याला हिरवं दिसलं की घेतो, लाल दिसलं की ठेवतो. आमच्याकडं दर तिमाहीला रंग बदलतो. या तिमाहीत निळा, पुढच्या तिमाहीत पिवळा, स्लिंगच्या मास्टर लिंकला पेंटची पट्टी. शॉपवर जुन्या रंगाची स्लिंग दिसली की चुकलेली आहे हे लांबनंच कळतं. कायद्यात नसलं तरी काम होतंय की.

जुना फोरमन

रंग चांगलाच आहे, मर्दा. कायद्यात नाही म्हणजे करू नका असं कुणी म्हटलं? फक्त रंग मारणाऱ्या पोराला विचार, तू आधी स्लिंग बघितलीस की आधी डबा उघडलास. आमच्याकडं एका वर्षी खंडेनवमीला सगळी मशिनं धुऊनपुसून, ऑइलपेंट मारून चकाचक केली होती. क्रेनच्या गर्डरवरची टनेजची पाटीपण त्याच पिवळ्या रंगात बुडवली. मग हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. पूजा झाली आणि क्रेन पाच टनांची का तीन टनांची हे कुणाला सांगता येईना. जुन्या चलनातनं शोधून काढावं लागलं.

बर्मिंगहॅमहून

मूळचा राजारामपुरीचा, सध्या इंग्लंडमध्ये एका गोदामात देखभालीचं काम करतो. इथलीही गंमत सांगतो, कारण हाच गैरसमज इथंपण आहे. इथं विजेच्या, हलवता येणाऱ्या उपकरणांवर, म्हणजे ड्रिल, एक्स्टेंशन, किटली, 'पॅट टेस्ट'चे हिरवे स्टिकर सगळीकडं दिसतात आणि लोकांना वाटतं दरवर्षी टेस्ट आणि स्टिकर हा कायदाच आहे. नाही. १९८९ चे वीज नियम एवढंच म्हणतात की उपकरण धोका होणार नाही अशा स्थितीत ठेवा. दरवर्षी टेस्ट करा, लेबल लावा, असं त्यात नाही, आणि इथली सरकारी सुरक्षा संस्था स्वतःच तसं सांगते. स्टिकरचा धंदा मात्र जोरात.

उचलण्याच्या सामानाचं उलट आहे. १९९८ च्या नियमांप्रमाणे स्लिंग, शॅकल यांची कसून तपासणी साधारण सहा महिन्यांनी, क्रेनची बारा महिन्यांनी, माणसं उचलणारी लिफ्ट असेल तर सहा. आणि साधनावर सुरक्षित भाराची खूण पाहिजेच. म्हणजे तुमच्याकडं काय आणि इथं काय, कायद्याला साधनावर भार पाहिजे आणि फाइलीत रिपोर्ट पाहिजे. धागाकर्त्यांच्या किटलीला तेवढा इंग्लंडमध्ये मान मिळाला असता.

उद्यमनगरचा

आमचं छोटं वर्कशॉप, सहा माणसं. एक चेन ब्लॉक, एक कॉम्प्रेसर, दोन ग्राइंडर. आम्हाला हे सगळं लागू होतं का? का उगाच घाबरवायलाय?

सेफ्टीवाली

'कारखाना' होण्यासाठी माणसांची संख्या लागते. १९४८ च्या मूळ कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० आणि विजेशिवाय २० होती. नव्या कामगार संहितेत २० आणि ४० आहे. त्यामुळं सहा माणसांच्या शेडला कारखान्याची ही कलमं तशीच्या तशी बसत नाहीत. पण दादा, चेन ब्लॉकला तुमची माणसं मोजता येत नाहीत. यंत्राबाबत निष्काळजीपणा केला आणि कुणाला इजा झाली, तर भारतीय न्याय संहितेत तो वेगळा गुन्हा आहे, तिथं माणसांची संख्या कुणी विचारत नाही. नंबर पंच करायला तुम्हाला शंभर रुपयेही लागणार नाहीत.

उद्यमनगरचा

व्हय, ते पटलं. करतो.

कॉम्प्लायन्सवाला

नव्या संहितेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. फॅक्टरी अ‍ॅक्टची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० हिनं घेतली. पण लगेच जुन्या फाइली रद्दीत टाकू नका. संक्रमणाच्या काळात जुने नियम, संहितेशी विसंगत नसतील तिथं, चालूच आहेत. त्यामुळं सहा-बारा महिन्यांचं चक्र आणि रजिस्टर थांबवायचं कारण नाही. उलट दंडाचे आकडे वाढलेत. मालकाच्या कसुरीमुळं कामगाराचा मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच लाखांपेक्षा कमी नाही इतका दंड, किंवा दोन्ही. आणि त्या दंडातली निदान निम्मी रक्कम वारसाला द्यायला न्यायालय सांगू शकतं. हे मालकाला वाचून दाखवा, स्टिकरचा वाद तिथंच मिटेल.

इचलकरंजीकर

आमच्या एअरजेट लूमच्या कॉम्प्रेसरची टाकी दरवर्षी 'तपासली' जाते. तपासणीवाला कधी आलेला मी तरी बघितला नाही. व्हॉट्सअपवर नेमप्लेटचा फोटो पाठवायचा, दोन दिवसांत शिक्क्यासकट रिपोर्ट हजर. आता बोला.

जुना फोरमन

आता काय बोलायचं. बघितल्याशिवाय सही करणारा आणि बघितल्याशिवाय रिपोर्ट घेणारा, दोघं एकाच मापाचे.

सेफ्टीवाली

दादा, पुढच्या वेळी त्याच्याकडून त्याचं मान्यतेचं प्रमाणपत्र मागा. सक्षम व्यक्ती म्हणजे नुसता इंजिनियर नव्हे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून मान्यता लागते, आणि ती कोणत्या कामासाठी आहे, कधीपर्यंत आहे, हे त्यावर लिहिलेलं असतं. क्रेनसाठी मान्यता असलेला माणूस प्रेशर टाकीवर सही करत असेल तर तो कागद रद्दी आहे. रिपोर्टाच्या तारखेला मान्यता चालू होती का, हेही बघा. मी तर रिपोर्टाच्या मागंच त्या प्रमाणपत्राची झेरॉक्स लावून ठेवते.

आणि तुमचा बाष्पक, म्हणजे बॉयलर असेल तर ती वेगळीच वाट आहे. बाष्पके संचालनालय वेगळं, प्रमाणपत्र जास्तीत जास्त बारा महिन्यांचं, आणि नोंदणी क्रमांक बॉयलरच्या अंगावरच कोरलेला. तिथं फोटोवर भागत नाही.

वजनकाटा

स्टिकर-शिक्क्याला कायद्यात किंमतच नाही असं समजू नका रे. डिस्पॅचच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापनशास्त्राचा, म्हणजे वजनमापे खात्याचा, शिक्का असतो. दर बारा महिन्यांनी पडताळणी, आणि शिक्काच जुना असेल तर काटा बरोबर दाखवत असला तरी गुन्हा. तिथं शिक्काच कायदा आहे. घरचा गॅस सिलिंडर बघा, वरच्या पट्टीवर 'बी-२७' असं काहीतरी असतं. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. त्या तिमाहीपर्यंतच तो चालतो, नंतर टेस्टिंगला. ही खूण रंगवलेली, फडक्यानं पुसली तरी जात नाही. तुमच्यासारखा कागदी गोल नव्हे.

फायरवाला

अग्निशामक सिलिंडरच्या चिठ्ठ्या विसरू नका. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणं परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, वर्षातनं दोनदा लागतो, जानेवारी आणि जुलै. चिठ्ठीवर तारीख ताजी आणि आतली पावडर दगड झालेली, असं मी स्वतः बघितलंय.

शाहूपुरीतला

एक अनुभवाचं. आमचा तपासणीवाला शाहूपुरीत बसायचा. २०१९ च्या पुरात त्याचं ऑफिस बुडालं, सगळ्या रिपोर्टांच्या प्रती गेल्या. आमची मूळ फाइल पण त्याच्याकडंच, दुरुस्तीला दिलेली. मग एका अपघाताच्या चौकशीत मागचे रिपोर्ट मागितले आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो. मूळ प्रत स्वतःजवळ ठेवा आणि स्कॅन तिसऱ्याच ठिकाणी. तळमजल्यावर तर ठेवूच नका, पंचगंगेला रजिस्टर वाचता येत नाही.

जुना फोरमन

अपघातावरनं आठवलं, म्हणून लिहितो. ९८ साल असेल. एका फाउंड्रीत, नाव सांगत नाही, शॅकलची पिन हरवली म्हणून पोरानं हाताशी होता तो साधा बोल्ट घातला. साचा उलटताना बोल्ट वाकला आणि बॉक्स घसरला. पोराचा पाय गुडघ्याखाली गेला. तपासणीचा रिपोर्ट होता, सही होती, तारीख चालू होती. पण रिपोर्टातली शॅकल आणि हुकात अडकवलेली शॅकल एकच आहे हे सांगायला तिच्यावर काहीच नव्हतं. मालक शेवटपर्यंत म्हणत होता तपासलेलीच होती. असेलही. कुठली?

पन्हाळा फाट्याचा

काका, हे वाचून अंगावर काटा आला. रंग मारायच्या आधी नंबर पंच करतो.

भट्टीशेजारी

सगळ्यांचे आभार. काल रविवारी शॉप बंद होतं, चार पोरं आणि मी उतरलो. उचलायचं सगळं सामान एका ताडपत्रीवर मांडलं. स्लिंगा अकरा नव्हत्या, तेरा निघाल्या. दोन कोअर शॉपच्या मागं वाळूत पुरलेल्या. शॅकल बावीस, त्यांतल्या चौघांना मूळ पिन नाही, बोल्ट आहे. (फोरमनकाका, तुमची पोस्ट मोजणीनंतर वाचली. बोल्ट बघून मी आधी हसलो होतो, पोस्ट वाचल्यावर परत शॉपवर जाऊन ते चारी काढून स्टोअरला कुलपात ठेवले.)

स्टीलच्या पट्ट्या आज कापायला दिल्या. प्रत्येकीवर नंबर आणि टनेज. दोन पायांच्या स्लिंगला कोनाप्रमाणं टनेज बदलतं हे आमच्या क्रेनवाल्याला माहीत होतं, मला नव्हतं. उभ्यापासून ४५ अंशांपर्यंत एका पायाच्या १.४ पट, त्यापुढं ६० पर्यंत फक्त एकपट. तो तक्ता पत्र्यावर रंगवून क्रेनच्या खांबाला लावणार. ग्राइंडरच्या पाट्या फेटलिंगवाल्या दादांच्या हिशेबानं करतोय. तपासणीवाल्याला फोन केला, या वेळी सगळ्या तेरा दाखवणार, आणि त्याचं मान्यतापत्र आधी मागितलंय. तो जरा नाराज झाला. हिरवे स्टिकर उतरवले, किटलीचा तेवढा राहू दिलाय, आठवण म्हणून.

एकच प्रश्न उरला. तेरांतल्या तीन स्लिंगांच्या कड्या ताणून लांबल्यात, त्या बाद करायच्या. त्यांचं काय करू? स्टोअरला ठेवल्या तर महिन्याभरात कुणीतरी परत काढणार, हे नक्की.

जुना फोरमन

फाउंड्रीत बसून हे विचारायलाय? भट्टीत टाक की.

मेल्टिंगवाला

अजिबात टाकू नका. अलॉय स्टीलची साखळी आहे ती, त्यात क्रोम असतं. एसजी बिडाच्या चार्जमध्ये (भट्टीत टाकायच्या मालात) गेली तर कास्टिंगमध्ये कडक कार्बाइड येणार, आणि मग कास्टिंग मशिनिंगला घेतल्यावर टूल तुटलं की शिव्या मलाच. गॅस कटरनं प्रत्येक कडी तोडा, तुकडे भंगारवाल्याला द्या, आणि रजिस्टरात त्या नंबरांसमोर 'तोडली' लिहून तारीख टाका.